तान्ह्यांसाठी हातभर जागा

तान्हे मूल घेऊन घराबाहेर पडणे हा आमच्या शहरांत आजही एक लहानसा पराक्रमच आहे. ठाण्याचा गोखले रोड घ्या, डोंबिवलीचा फडके रोड घ्या, की कल्याणचा शिवाजी चौक घ्या. सुट्टीच्या सायंकाळी कडेवर मूल घेतलेली तरुण जोडपी तेथे पावलोपावली भेटतात. या गिऱ्हाइकांसाठी व्यापाऱ्यांनी काय केलेले नाही? दुकानात पाऊल टाकताच अंगावर गार वारा येतो, काचेआड दिव्यांची आरास लखलखते, बसावयास गुबगुबीत आसने मिळतात आणि साडी पसंत पडेपर्यंत चहाही हातात येतो. परंतु कडेवरच्या मुलाने लंगोट ओला केला, की हे सारे वैभव एका क्षणात निरुपयोगी ठरते. ते मूल निजवून कोरडे करावयाचे कोठे? कपडे घालून पाहावयाच्या खोलीतील स्टुलावर, प्रसाधनगृहाच्या ओल्या कट्ट्यावर, हात धुण्याच्या भांड्याच्या काठावर, की आणलेले दुपटे पसरून सरळ फरशीवर? यांपैकी एकही जागा तान्ह्या जिवाला निजविण्याजोगी नसते, हे काय कोणा डॉक्टराने सांगावयास हवे? शेवटी खरेदी अर्धी टाकून, रडणारे मूल खांद्यावर घेऊन ते कुटुंब रिक्षा शोधू लागते.

अग्रलेखासाठी हा विषय क्षुल्लक आहे, असे काही वाचकांस वाटेल. रस्त्यांतील खड्डे, लोकलची गर्दी, पाण्याची टंचाई हे प्रश्न उभे असताना लंगोटाचा प्रश्न कोठून काढला, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, खड्डा सर्वांस दिसतो म्हणून त्याची ओरड होते. लंगोटाचा प्रश्न ज्यांस छळतो, त्यांस ओरडावयासही सवड नसते. शिवाय दोन-अडीच वर्षांत मूल मोठे होते आणि तक्रार करणाराच आपली तक्रार विसरतो. त्याच्या जागी दुसरे कुटुंब येते व तेच हाल मुकाट्याने सोसते. अशा प्रश्नाला कायमचा वकील मिळत नाही. अगदी लहान मुलाचा लंगोट दिवसातून आठ-दहा वेळा बदलावा लागतो. म्हणजे दोन-तीन तासांचे कोणतेही काम काढून त्याची आई बाहेर पडली, की ही वेळ तिच्यावर येणारच. लस टोचून आणणे, बँकेतील एखादी सही, नात्यातले लग्न, नाटकाचा प्रयोग, नोकरीची मुलाखत, यांपैकी कोठे जावे आणि कोठे जाऊ नये, याचा हिशेब ती या एका अडचणीवरून करते. जागा नसेल तर ती घरीच राहते. तिला कोणी कोंडलेले नसते, कोणी मज्जाव केलेला नसतो, आणि तरीही ती कोंडलेलीच असते.

मातेच्या वात्सल्याचे गोडवे गाण्यात महाराष्ट्र कोणालाही हार जाणार नाही. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरी राहिलेल्या तान्ह्यासाठी उभा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा आपण पिढ्यानुपिढ्या सांगत आलो आहोत. तिच्या नावाने एस. टी. स्थानकांत व सरकारी कचेऱ्यांत ‘हिरकणी कक्ष’ निघाले, ही गोष्ट स्तुत्यच होय. परंतु त्या कथेचा बोध आपण उलटा घेतला की काय, अशी शंका आम्हांस येते. हिरकणी कडा उतरली हे तिचे शौर्य खरे; पण तिच्या लेकीसुनांवर रोज कडा उतरण्याची पाळी आणणाऱ्या शहराला तिचे पोवाडे गाण्याचा अधिकार कितपत उरतो?

या बाबतीत कायद्याचे पाऊल आमच्या पावलापेक्षा पुढे पडले आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २७ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांस पत्र पाठवून सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी व बालसंगोपनासाठी स्वतंत्र खोल्या आणि पाळणाघरे करावी, अशी सूचना केली. त्यानंतर १९ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना व न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने ही सूचना राज्यांनी अमलात आणावी, असा आदेश दिला. नव्या सार्वजनिक इमारतींचा आराखडा करतानाच त्यासाठी पुरेशी जागा ठेवावी आणि जुन्या इमारतींत शक्य तितकी सोय करावी, असे न्यायालयाने बजाविले. मातेचा खासगीपणा आणि अर्भकाचे आरोग्य यांचा हा प्रश्न आहे, अशीच न्यायालयाची दृष्टी होती. भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून हातभर जागा मागण्याचा आधार यातून तान्ह्यांच्या आईबापांस मिळाला आहे.

पण या आदेशाचा रोख सार्वजनिक जागांकडे व सार्वजनिक इमारतींकडे आहे. ठाणे-डोंबिवलीतील मध्यमवर्गीय कुटुंबाचा घराबाहेरचा वेळ मात्र बव्हंशी खासगी मालकीच्या छपराखाली जातो: मॉल, उपाहारगृह, सराफाची पेढी, चित्रपटगृह, खासगी रुग्णालय, मंगल कार्यालय. मोठ्या मॉलांपैकी काहींत लंगोट बदलण्याची घडीची फळी दिसू लागली आहे. परंतु बाजारपेठेतील दुकाने व उपाहारगृहे यांत ती सहसा आढळत नाही. मंगल कार्यालयांची कथा तर अधिकच नवलाची आहे. तेथे बारशी थाटाने होतात, पाळणा फुलांनी सजतो, छायाचित्रकार चारही बाजूंनी धावतात. आणि ज्याचे बारसे, त्या उत्सवमूर्तीला कोरडे करावयास मात्र जेवणाच्या टेबलाचा कोपरा शोधावा लागतो!

ज्या मालकांच्या मनात ही सोय करावयाची इच्छा आहे, त्यांच्यापुढेही एक धोका असतो. विक्रेता चित्रांची पुस्तिका उघडतो, मालक त्यातील सर्वांत स्वस्त फळी निवडतो, सुतार ती स्त्रियांच्या प्रसाधनगृहात जेथे भिंत मोकळी दिसेल तेथे ठोकतो, आणि दारावर बाळाचे चित्र लावले की कर्तव्य संपले असे सर्वांस वाटते. आमच्या मते निवडीचा हा क्रमच चुकीचा आहे. फळी कोणत्या कंपनीची, हा शेवटचा प्रश्न होय. ती कोणत्या दारामागे असावी, बाळ धरलेल्या माणसाला एका हाताने ती वापरता येते काय, आणि उद्या ती पुसणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली पाहिजेत.

प्रथम दाराचा विचार करू. फळी केवळ स्त्रियांच्या प्रसाधनगृहात बसविली, की लंगोट बदलणे हे स्त्रीचेच काम असा निकाल मालकाने नकळत दिलेला असतो. आज डोंबिवलीहून सकाळची लोकल गाठून आई कामावर जाते आणि बाप मुलाला लस टोचावयास नेतो, हे दृश्य नवलाचे राहिलेले नाही. आजोबा नातवंडाला फिरावयास नेतात. या पुरुषांनी काय स्त्रियांच्या दारात उभे राहून ओळखीच्या बाईची वाट पाहावी? अमेरिकेत ऑक्टोबर २०१६ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांच्या सहीने कायदा झाला आणि जनतेस खुल्या असणाऱ्या केंद्र सरकारी इमारतींत ही सोय स्त्रियांच्या व पुरुषांच्या अशा दोन्ही प्रसाधनगृहांत असावी, असे ठरले. न्यूयॉर्क राज्याने २०१९ पासून नव्या व नूतनीकरण होणाऱ्या सार्वजनिक वापराच्या इमारतींना तोच दंडक लावला. तेथील खासगी व्यापाऱ्यांचे त्यामुळे दिवाळे निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे दोन्ही प्रसाधनगृहांच्या बाहेर, कोणासही उघडता येईल अशी एक लहान कुटुंब-खोली. तेवढी जागा नसेल, तर फळी दोन्हीकडे हवी. ती अपंगांच्या प्रसाधनगृहात ढकलून मोकळे होण्याची युक्ती काहींना सुचते, तीही बरी नव्हे. एका दुर्बलाची सोय दुसऱ्या दुर्बलाच्या वाटेत उभी करण्यासारखे ते आहे. उघडी राहिलेली फळी चाकाच्या खुर्चीची वाट अडविते, आणि ज्याला अन्य जागाच नाही, तो माणूस दाराबाहेर ताटकळत राहतो.

आता फळीविषयी. तान्ह्याला वाहणाऱ्या माणसाचा एक हात नेहमी गुंतलेला असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे निवड सोपी होते. फळी एका हाताने खाली यावी, ती धाडकन आदळू नये आणि बोट सापडेल अशी फट तिच्या बिजागरीत नसावी. जमिनीपासून तिची उंची सुमारे ऐंशी ते पंच्याऐंशी सेंटिमीटर असावी; त्याहून उंच झाली तर ठेंगण्या व्यक्तीचा हात नीट पोहोचत नाही. बाळाला बांधावयाचा पट्टा शाबूत हवा, कारण चार-पाच महिन्यांचे मूल कधी कूस पालटील याचा नेम नसतो आणि खाली फरशी असते. झोळी अडकविण्यास मजबूत खुंटी हवी, नाहीतर आई झोळी उचलावयास वाकते आणि तेवढ्यात घात होतो. परदेशांत व्यापारी वापराच्या अशा फळ्यांसाठी सुरक्षिततेची मानके आहेत. अमेरिकेतील ‘एएसटीएम एफ २२८५’ हे त्यांपैकी एक. अशा मानकानुसार चाचणी झाल्याचा कागद मालकाने विक्रेत्याकडे अवश्य मागावा. भिंत विटांची की जिप्समच्या तक्तपोशीची, हेही पाहावे. पोकळ भिंतीला आतून आधार न देता ठोकलेली फळी आज धरते आणि उद्या सुटते.

आमच्या हवेचा विचार तर परदेशी पुस्तिकेत असणारच नाही. चार महिन्यांच्या कोकणी पावसात भुशाच्या तक्त्याची फळी फुगते, साध्या लोखंडाच्या बिजागऱ्या गंजतात आणि रेक्झिनची गादी एकदा उसवली की आतला स्पंज ओल शोषून दुर्गंधीचे आगर बनतो. म्हणून फळी गुळगुळीत, बिनसांध्याची, जाड प्लास्टिकची किंवा गंज न चढणाऱ्या पोलादाची घ्यावी. पोलाद अंगाला गार लागते, पण दुपटे पसरले की ती अडचण उरत नाही. पोलाद टिकते आणि स्वच्छही चटकन होते.

याहून महत्त्वाची गोष्ट आमच्या रीतीरिवाजांची आहे. पाश्चात्त्य फळी ओल्या कागदाने पुसून मोकळे होणाऱ्या समाजासाठी घडलेली आहे. आमच्याकडे बाळाला पाण्याने धुतल्याशिवाय आईचे समाधान होत नाही, आणि त्यात गैर काहीच नाही. तेव्हा फळीच्या हाताच्या अंतरावर नळ व एक लहान भांडे असणे हे आमच्या देशात चैनीचे नसून गरजेचे आहे. फळी एका भिंतीला आणि पाणी दुसऱ्या टोकाला, अशी रचना म्हणजे बाळाला अर्धे धुतलेल्या स्थितीत नाचवीत नेणे होय. दुसरे असे की, आमच्याकडे बाळाचे बरेचसे काम आजी करते आणि ती ते बसून करते. गुडघे धरलेल्या आजीला उभ्याने काम करावयास लावू नये. खोलीत एक पाठीचा बाक असावा. तिसरे, कापडी लंगोट वापरणारी घरे अजून पुष्कळ आहेत. ओला कपडा पिळावयास आणि ठेवावयास त्यांना जागा लागते. या तीन गोष्टींसाठी परदेशी पुस्तिका चाळण्याची गरज नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारले तरी पुरे.

आता उरला शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न: निगा. सोय करणे आम्हांस जमते. राखणे जमत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूर अधिवेशनास आल्या, तेव्हा राज्यभर त्यांचे कौतुक झाले. पुढे २०२३ मध्ये मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्या बाळासह पुन्हा आल्या आणि तेथील हिरकणी कक्षाची दुरवस्था पाहून त्यांना जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. कायदे जेथे होतात, त्या वास्तूत कायदे करणाऱ्या स्त्रीला हा अनुभव यावा, तर एखाद्या बाजारातील सामान्य गृहिणीने काय अपेक्षा करावी? न पुसलेली फळी ही फळी नसण्यापेक्षा वाईट, कारण फरशी घाण आहे हे आईला ठाऊक असते; फळीवर मात्र ती विश्वास टाकते. एका बाळाच्या अतिसाराचे जंतू त्याच फळीवरून दुसऱ्या बाळाकडे जातात. म्हणून जो मालक फळी विकत घेतो, त्याने त्याच दिवशी ती दर दोन-तीन तासांनी साबणाच्या व जंतुनाशकाच्या पाण्याने पुसणाऱ्या माणसाची नेमणूक करावी आणि पुसल्याची वेळ दारावर लिहावी.

कचऱ्याची गोष्टही याच सदरात येते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले डायपर हा आरोग्यविषयक कचरा मानून तो वेगळा गुंडाळून द्यावा, असे सांगितले होते. आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराचा धूर ज्या कल्याणकरांनी वर्षानुवर्षे सोसला, त्यांना या नियमाचे मोल समजावून देण्याची आवश्यकता नाही. पायाने उघडणारी, झाकणाची बादली आणि गुंडाळावयास कागद एवढी सामग्री फळीशेजारी असली, तर तुंबलेल्या शौचकूपांचा खर्च वाचून मालकाचाच फायदा होईल.

यावर काही आक्षेप घेतले जातील. जागा नाही, हा पहिला. रेल्वेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या हमसफर गाड्यांच्या प्रसाधनगृहांत बाळाचा लंगोट बदलण्याची सोय केली. धावत्या डब्याच्या दोन हात जागेत जे बसते, ते तीन मजली दुकानात बसत नाही, हे आम्हांस पटत नाही. मिटलेली फळी भिंतीपासून वीतभरही पुढे येत नाही. खर्च परवडत नाही, हा दुसरा आक्षेप. ज्या दुकानाच्या दर्शनी काचेवर दर दिवाळीला लाखोंची रोषणाई होते, त्याने हा आक्षेप घेऊ नये. आणि ज्याचे दुकान खरोखरच लहान आहे, त्याच्यावर सक्ती करा असे आम्हीही म्हणत नाही. चार-सहा लहान दुकानदारांनी मिळून एक खोली चालवावी. फारसे कोणी वापरणार नाही, हा तिसरा आक्षेप तर हास्यास्पद आहे. सोय नाही म्हणून मुले घेऊन लोक येत नाहीत, आणि लोक येत नाहीत म्हणून सोय नको, हे तर्कशास्त्र चालविले असते, तर १८५३ साली ठाण्यापर्यंत आगगाडीच आली नसती.

दोन्ही महानगरपालिकांस आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने नेलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित प्रसाधनगृहे पुरविणे हे महापालिकांचे कर्तव्य असल्याचे बजाविलेले आहे. त्या कर्तव्यात तान्ह्यांचा समावेश आता उघडपणे झाला पाहिजे. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर, पालिकेची रुग्णालये व प्रभाग कचेऱ्या या आपल्याच वास्तूंत पालिकांनी वर सांगितलेली सोय प्रथम नमुनेदार करून दाखवावी. दुसऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार त्यानेच मिळेल. डिसेंबर २०२० पासून या शहरांतील बांधकामांस लागू असलेल्या राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत मोठी व्यापारी संकुले, चित्रपटगृहे, रुग्णालये व मंगल कार्यालये यांच्यासाठी याविषयी स्पष्ट व बंधनकारक कलम असावे, असा आग्रह पालिकांनी शासनाकडे धरावा. आणि भोगवट्याचे प्रमाणपत्र देताना अधिकाऱ्याने ती खोली उघडून, फळी खाली ओढून पाहावी. पालिकांच्या सभागृहांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या जागांवरून हा ठराव आला, तर त्याला विरोध करण्याचे धैर्य कोणत्याही पक्षाला होणार नाही.

व्यापाऱ्यांनी मात्र ठरावाची वाट पाहू नये. आणि वाचकांनीही आपला वाटा उचलावा. पुढच्या वेळी उपाहारगृहात वा कपड्यांच्या दुकानात जाल, तेव्हा आपल्या कडेवर मूल नसले तरी मालकाला एवढेच विचारा की, तान्ह्याचा लंगोट बदलण्याची जागा आपल्याकडे कोठे आहे? मंगल कार्यालय ठरविताना जेवणाच्या ताटाचा दर जसा विचारता, तसाच हाही प्रश्न विचारा. ज्यांच्या मुलांस आता या सोयीची गरज उरली नाही, त्यांनी तर तो अधिक मोठ्याने विचारावा; कारण ज्यांना आज गरज आहे, त्यांचे दोन्ही हात गुंतलेले आहेत.